चौदा वर्षांच्या अनुभवानंतर सिक्युरिटी प्लस: रोजच्या कामातलेच प्रश्न चुकतात, तयारी कशी करावी?

केबलट्रे
नमस्कार मंडळी. विंडोज सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, व्हीएमवेअर, बॅकअप आणि तीन ऑफिसांचं नेटवर्क, असं मिळून चौदा वर्षांचं काम आहे. प्रमाणपत्र एकही नाही, कारण आजवर कुणी मागितलंच नाही. आता नव्या करारात अट आली आहे की सर्व्हरला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे कॉम्पटिया या आयटी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं सिक्युरिटी प्लस हे सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. हातात चार महिने आहेत. रोज दीड तास निघतो, रविवारी तीन.

अडचण अशी आहे की सराव चाचण्यांत गुण ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे सरकत नाहीत. चुकतात ते प्रश्न अनोळखी विषयांवरचे नसतात, रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टींवरचे असतात. बरोबर उत्तर वाचलं की वाटतं, प्रत्यक्षात असं कोण करतं?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी ए प्लस आणि नेटवर्क प्लस या कॉम्पटियाच्याच पायाच्या परीक्षा द्याव्या लागतात का? स्क्रीनवर काहीतरी करून दाखवायचे जे प्रश्न असतात त्यांना किती वेळ ठेवायचा? आणि परीक्षा घरून द्यावी की सेंटरवर? पासपोर्टवर फक्त नाव आणि आडनाव आहे, पॅनवर मधे वडिलांचंही नाव आहे. मग नोंदणी कोणत्या नावानं करू?

---

पोर्ट४४३
थेट सिक्युरिटी प्लस द्या. कॉम्पटियाच्या या तिन्ही परीक्षांना आधीचं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. नेटवर्क प्लस आणि दोन वर्षांचा अनुभव असावा अशी शिफारस आहे, सक्ती नाही. ए प्लस म्हणजे दोन वेगळे पेपर आणि दोन वेगळ्या फिया. सध्याचे पेपर मार्च २०२५ मध्ये आलेले २२०-१२०१ आणि २२०-१२०२. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला ते सोपे जातील असं धरून चालू नका. छापलेला टोनर बोटानं पुसला जातो म्हणजे दोष फ्यूजरमध्ये, हे ज्यानं कायम प्रिंटरवाल्याला फोन करून काम भागवलं आहे त्याला ठाऊक नसतं. करारात ए प्लस लिहिलेलं नसेल तर तिकडे वेळ घालवायची गरज नाही.

परीक्षेचं स्वरूप आधी पक्कं डोक्यात ठेवा. कोड एसवाय०-७०१, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला. जास्तीत जास्त ९० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. १०० ते ९०० या मापावर ७५० ला पास. हे माप सरळ टक्केवारीचं नाही, त्यामुळे ७५० भागिले ९०० करून ८३ टक्के हवेत असं गणित मांडू नका. काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून टाकलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पुस्तक किंवा कोर्स घेण्याआधी त्यावरचा कोड बघा. आधीचा ६०१ जुलै २०२४ अखेर बंद झाला, त्याची पुस्तकं अजून स्वस्तात मिळतात आणि लोक फसतात. कॉम्पटियाच्या साइटवर आज कोणता कोड चालू आहे हे फी भरायच्या दिवशी पुन्हा एकदा पाहून घ्या.

पाच भागांचं वजन असं आहे: सर्वसाधारण संकल्पना १२ टक्के, धोके आणि त्रुटी २२, आर्किटेक्चर १८, सिक्युरिटी ऑपरेशन्स २८, आणि धोरणं, जोखीम, ऑडिट, कंत्राटदार वगैरे कारभाराचा भाग २०. अनुभवी माणूस शेवटच्या भागाला हात लावत नाही, कारण तो ‘कागदपत्रांचा’ वाटतो. पाचातला एक प्रश्न तिथून येतो.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. तुम्ही ऑफिसचं उत्तर देताय, परीक्षेला अभ्यासक्रमाचं उत्तर हवं आहे. तुमच्या ऑफिसमध्ये माणसं किती, अधिकार कुणाकडे, लायसन्स कशाचं, साहेबांचा स्वभाव कसा, यावरून काही सवयी पडल्या आहेत. प्रश्नातल्या कंपनीत यातलं काही नसतं. तिथे धोरण लिहिलेलं असतं, ते पाळणारी माणसं असतात आणि प्रत्येक कामाचा ठरलेला क्रम असतो.

एक नमुना बघा, परीक्षेच्या धाटणीचा. एका संगणकावर खंडणीची नोट दिसते आहे आणि शेअर्ड फोल्डरमधल्या फायलींची नावं एकेक करून बदलत आहेत. तंत्रज्ञानं सर्वांत आधी काय करावं? पर्याय: संगणक पॉवर बटण दाबून बंद करणं, नेटवर्कपासून तोडणं, बॅकअपमधून फायली परत आणणं, संगणकावर नवी इमेज टाकणं (सगळं पुसून सिस्टमची तयार प्रत बसवणं). हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो, किंवा ‘इमेज टाका, वीस मिनिटांत मोकळे’ हे मनात येतं. उत्तर आहे नेटवर्कपासून तोडणं. घटना हाताळण्याचा क्रम तयारी, शोध, विश्लेषण, रोखणं, उच्चाटन, पूर्ववत करणं आणि शेवटी धडे नोंदवणं असा आहे. आपण शोध-विश्लेषणापर्यंत आलो आहोत, म्हणून पुढची पायरी रोखण्याची. पॉवर बंद केली तर रॅममधला पुरावा जातो. पुरावा गोळा करताना आधी सीपीयूचं कॅश आणि रजिस्टर, मग रॅम, मग डिस्क, मग बॅकअप, म्हणजे जे लवकर पुसलं जातं ते आधी. इमेज टाकणं चूक नाही, ते उच्चाटनात येतं. त्याची पाळी अजून आलेली नाही, एवढंच.

दुसरा नमुना. गंभीर त्रुटीवर पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) आला आहे, टेस्ट मशीनवर तो नीट चालला. पुढे काय? लहान ऑफिसात पुढे म्हणजे रात्री अकराला सर्व्हरवर टाकणं. परीक्षेत पुढे म्हणजे चेंज रिक्वेस्ट (बदलाची लेखी विनंती), परिणामांचा अंदाज, मागे फिरण्याची योजना, मंजुरी, मेंटेनन्स विंडो (देखभालीची ठरलेली वेळ), आणि मग पॅच.

म्हणून प्रश्नातला मोठ्या अक्षरांतला शब्द आधी वाचा: फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट, मोस्ट लाइकली. चारपैकी तीन पर्याय खरे असू शकतात, निवडायचा तो त्या शब्दाला लागू पडणारा.

तयारीची रीत सांगतो. कॉम्पटियाच्या साइटवरून परीक्षेच्या उद्दिष्टांची पीडीएफ फुकट मिळते. ती छापा. प्रत्येक ओळ वाचून पुस्तक न बघता दोन वाक्यांत मोठ्यानं व्याख्या सांगा. सांगता आली तर बरोबरची खूण. कळतं पण सांगता येत नाही तर अर्धी खूण. अजिबात नाही तर गोल. अनुभवी माणसाची बहुतेक गळती अर्ध्या खुणेत असते. ‘हे येतं’ म्हणून जे वगळलं जातं तेच ते. उदाहरणार्थ टोकनायझेशन, मास्किंग आणि हॅशिंग यांतला फरक सांगून बघा. किंवा डिटरंट, डिटेक्टिव्ह, प्रिव्हेन्टिव्ह, करेक्टिव्ह, कॉम्पेन्सेटिंग आणि डायरेक्टिव्ह हे नियंत्रणाचे सहा प्रकार घ्या. ‘येथे सीसीटीव्ही आहे’ ही पाटी डिटरंट, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग डिटेक्टिव्ह, आणि जुन्या मशीनला पॅचच मिळत नाही म्हणून तिला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या तोडलेल्या भागात) ठेवलं तर ते कॉम्पेन्सेटिंग.

चाचणीत चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. तीनच कारणं ठेवा: शब्द माहीत नव्हता, प्रश्न घाईत वाचला, कामाची सवय आड आली. शंभरेक चुका झाल्या की कोणता ढीग मोठा आहे ते दिसेल आणि पुढचा अभ्यास त्यावरूनच ठरेल. तुमच्या वर्णनावरून तिसरा ढीग मोठा निघेल असं वाटतं. तसं असेल तर आणखी व्हिडिओ बघून उपयोग नाही. वर लिहिले तसे क्रम, म्हणजे घटना हाताळणी, चेंज मॅनेजमेंट आणि पुरावा गोळा करणं, पाठ करून घ्या.

तुमच्या हिशेबानं आठवड्याला बारा तास होतात. नव्वद ते शंभर तास नेटानं दिले तर पुरतात. तारीख आठव्या किंवा नवव्या आठवड्याची घ्या, चौथ्या महिन्याच्या शेवटाची नको. नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, तिसऱ्यासाठी मात्र दुसऱ्यापासून १४ दिवस थांबावं लागतं. प्रत्येक वेळी फी पूर्ण भरावी लागते.

---

रॅकयुनिट
स्क्रीनवर करून दाखवायच्या प्रश्नांबद्दल लिहितो. त्यांना सगळे पीबीक्यू म्हणतात. संख्या थोडी असते आणि ते बहुधा पेपरच्या सुरुवातीलाच येतात. अनुभवी माणूस इथेच अडकतो, कारण खरं कन्सोल समोर आल्यासारखं वाटतं आणि तो ते नीटनेटकं करत बसतो. पहिल्या दोन पीबीक्यूंत पंचवीस मिनिटं गेली की उरलेल्या ऐंशीएक प्रश्नांना जेमतेम पाऊण मिनिट येतं.

पीबीक्यू उघडा, काय मागितलं आहे ते वाचा, खूण करून पुढे जा. आधी सगळे बहुपर्यायी प्रश्न साठ मिनिटांत संपवा. उरलेल्या तिसांत पीबीक्यू करा. कॉम्पटियाच्या परीक्षेत मागे जाता येतं, म्हणून हे जमतं. सिस्कोच्या सीसीएनएमध्ये एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. दोन्हींची तयारी एकत्र करणारे इथे गोंधळतात. काही पीबीक्यूंना केलेल्या भागापुरते गुण मिळतात, तेव्हा पूर्ण जमत नसला तरी जमेल तेवढा भरून ठेवा.

फायरवॉलचा एक सराव करून बघा. गरज अशी: लेखा विभाग १९२.१६८.२०.०/२४ मध्ये आहे, म्हणजे १९२.१६८.२० ने सुरू होणारे सगळे पत्ते त्यांचे. त्यांना १०.०.५.१० या सर्व्हरवर फक्त एचटीटीपीएस हवं. १९२.१६८.२०.१५ या अ‍ॅडमिनच्या मशीनला शिवाय एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन) हवं. बाकी सगळं बंद. नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की तिथेच निकाल. म्हणून क्रम असा:

१. १९२.१६८.२०.१५ कडून १०.०.५.१० कडे टीसीपी २२, परवानगी.
२. १९२.१६८.२०.०/२४ कडून १०.०.५.१० कडे टीसीपी ४४३, परवानगी.
३. कुठूनही कुठेही, काहीही, नकार.

चुका तीन ठिकाणी होतात. नकाराचा नियम वर राहतो आणि खालचे दोन्ही नियम मेलेले असतात. पहिल्या नियमात स्रोत म्हणून पूर्ण /२४ लिहिलं जातं, म्हणजे सगळ्या लेखा विभागाला एसएसएच मिळतं. आणि प्रोटोकॉलच्या रकान्यात ‘एनी’ तसंच राहतं. ऑफिसात ‘सध्या एनी ठेवू, नंतर आवळू’ चालून जातं, इथे त्याचे गुण जातात. जेवढं मागितलं तेवढंच उघडायचं. सर्व्हर नावानं गाठायचा आहे असं प्रश्नात स्पष्ट लिहिलं असेल तरच डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) ५३ या पोर्टचा विचार करायचा, नसेल तर स्वतःहून भर घालायची नाही.

दुसरा ठरलेला प्रकार लॉग वाचण्याचा. विंडोजमध्ये ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं आणि ४६२४ म्हणजे जमलं, हे तुम्हाला माहीतच असेल. परीक्षेला त्यापुढचं नाव हवं असतं. एकाच खात्यावर शेकडो पासवर्ड म्हणजे ब्रूट फोर्स. एकच पासवर्ड अनेक खात्यांवर, प्रत्येकी एक-दोनदाच, म्हणजे पासवर्ड स्प्रेइंग. खातं लॉक होऊ नये म्हणूनच ते तसं करतात. दुसरीकडून चोरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघणं म्हणजे क्रेडेन्शियल स्टफिंग. कामावर आपण तिन्हींना ‘कुणीतरी लॉगिन ट्राय करतंय’ म्हणतो आणि आयपी ब्लॉक करून मोकळे होतो. परीक्षेत तिन्ही नावं चार पर्यायांत शेजारी शेजारी असतात.

---

दुसरीशिफ्ट
नाव आणि जागा यांबद्दल.

परीक्षेला जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं पाहिजे. पासपोर्ट दाखवणार असाल तर पासपोर्टवरचंच नाव घाला आणि पॅन विसरून जा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्यामुळे हा घोळ महाराष्ट्रातल्या उमेदवारांचा फार होतो. काहींच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तसं असेल तर नोंदणीतही पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी विशेष बघावं: प्रोफाइल नव्या नावाचं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. दुरुस्ती करायची ती तारीख घेण्याआधी. कोणती ओळखपत्रं चालतात याची यादी बुकिंगच्या वेळी आणि कन्फर्मेशनच्या मेलमध्ये असते, ती सांगोवांगी न ठेवता स्वतः वाचा.

सेंटरवर जा. पुणे, मुंबई, नागपूरला पिअर्सन व्ह्यूची (कॉम्पटियाच्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीची) सेंटरं आहेत. तिथे खोडता येईल अशी लिहायची पाटी आणि पेन मिळतं. घरून दिली तर कागद-पेनाला परवानगी नाही, स्क्रीनवरच्या व्हाइटबोर्डवर माउसनं लिहावं लागतं. सबनेटिंगचं (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागण्याचं) किंवा जोखमीचं गणित माउसनं मांडणं म्हणजे वेळेचा नास.

घरूनच द्यायची असेल तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. व्हीपीएन, एंडपॉइंट सिक्युरिटी आणि नसलेले अ‍ॅडमिन अधिकार या तिन्हींमुळे ऑनव्ह्यू, म्हणजे घरून परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर, अडतं. स्वतःचा लॅपटॉप घ्या आणि सिस्टम टेस्ट त्याच खोलीत, त्याच वायफायवर, परीक्षेच्याच वेळी आदल्या दिवशी करा. दुसरा मॉनिटर नुसता बंद करून चालत नाही, काढून ठेवा. टेबलावर काही नको, हातात घड्याळ नको. अर्धा तास आधी चेक-इन सुरू होतं. चेहऱ्याचा, ओळखपत्राचा आणि खोलीच्या चारही बाजूंचा फोटो लागतो. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधी मोडा, ओठ हलले तरी प्रॉक्टर (कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा निरीक्षक) टोकतो. दार उघडून कुणी आत आलं तर परीक्षा तिथेच थांबवू शकतात. आणि वीज: लॅपटॉपला बॅटरी असते, फायबरच्या डब्याला आणि राउटरला नसते. ते दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का बघा.

---

केबलट्रे
सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्ट४४३, तुम्ही सांगितलं तसं मागच्या दोन चाचण्यांच्या ४१ चुका वेगळ्या केल्या. २३ ‘कामाची सवय’, ११ ‘शब्द’, ७ ‘घाई’. सेंटरवरच जायचं नक्की केलं.

अजून दोन शंका. सबनेटिंग कॅल्क्युलेटरवर करायची सवय आहे, हातानं फार वेळ लागतो. सिक्युरिटी प्लसला ते किती लागतं? आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘रिअल एक्झाम क्वेश्चन्स’ म्हणून पीडीएफ फिरते आहे, मॅनेजरनीच टाकली आहे. तिचं काय करावं?

---

सबनेट२६
सिक्युरिटी प्लसला सबनेटिंग जेमतेम लागतं. आयपी बघून कोण कुठल्या नेटवर्कात आहे हे पटकन ओळखता आलं की पुरे. पण पोर्ट४४३ यांच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. ए प्लस वगळा, नेटवर्क प्लसची परीक्षा नका देऊ, पण त्याचा अभ्यासक्रम आठवडाभर चाळा. सिक्युरिटी प्लसचे पोर्ट, व्हीपीएन, ८०२.१एक्स आणि रेडियस (नेटवर्कला जोडण्याआधी ओळख तपासणं), सेगमेंटेशन हे सगळं त्या पायावर उभं आहे. सर्व्हरकडून आलेल्या माणसाला एलडीएपीएस ६३६ या पोर्टवर असतं हे माहीत असतं, पण रेडियस १८१२ आणि १८१३, टॅकॅक्स प्लस ४९, एसएनएमपी १६१ आणि त्याचा ट्रॅप १६२, सिसलॉग ५१४ यांवर तो अडखळतो.

हातानं करायची रीत ही. १७२.१६.४५.७७/२० घ्या. पत्त्यात आठ-आठ बिटांचे चार गट असतात. २० म्हणजे पहिले दोन गट पूर्ण भरले आणि तिसऱ्यात ४ बिट. मास्क २५५.२५५.२४०.०. २५६ मधून २४० वजा केले, १६ उरले, ही उडी. तिसऱ्या गटात ०, १६, ३२, ४८ असं मोजत जा. ४५ हा ३२ आणि ४८ च्या मधे येतो. म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५, वापरता येणारे पत्ते ४०९४. लक्षात ठेवायचा आकडा एकच, उडीचा. रोज सकाळी पाच गणितं पाटीवर करा. दोन आठवड्यांत एका गणिताला वीस सेकंदांवर यायला हवं.

यंत्रांचे गट वेगवेगळ्या आकारांचे असतील तर मोठ्यापासून सुरुवात. १९२.१६८.१०.०/२४ मधून ५०, २५ आणि १० यंत्रांसाठी जागा काढायची: पहिला .०/२६ म्हणजे ६२ पत्ते, दुसरा .६४/२७ म्हणजे ३०, तिसरा .९६/२८ म्हणजे १४. लहानापासून सुरू केलं तर मोठा गट हद्दीवर नीट बसत नाही आणि मधे जागा वाया जाते.

हातानं करायचं दुसरं गणित जोखमीचं, आणि ते सिक्युरिटी प्लसला खरंच विचारतात. सर्व्हरची किंमत ५,००,००० रुपये, आग लागली तर ४० टक्के नुकसान, म्हणजे एका घटनेचं नुकसान २,००,०००. याला एसएलई म्हणतात. अशी घटना चार वर्षांतून एकदा, म्हणजे वर्षाला ०.२५, हा एआरओ. दोन्हींचा गुणाकार ५०,०००, हा वार्षिक अपेक्षित तोटा, एएलई. आता कुणी वर्षाला ८०,००० रुपयांचा उपाय सुचवला तर तो नुकसानीपेक्षा महाग आहे, म्हणून पैशाच्या हिशेबानं नाकारायचा. लोक चुकतात ते एआरओमध्ये: ‘चार वर्षांतून एकदा’ वाचून ४ नं गुणतात आणि उत्तर सोळापट फुगतं. तेही पर्यायांत असतं.

आरटीओ आणि आरपीओ यांचीही अशीच अदलाबदल होते. किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं तो आरटीओ. किती वेळाचा डेटा गमावला तर चालेल तो आरपीओ. बॅकअप दर सहा तासांनी घेताय म्हणजे तुम्ही आरपीओ सहा तासांचा धरला आहे, रिस्टोअरला किती वेळ लागतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

---

लॉगफाइल
त्या पीडीएफबद्दल स्पष्ट लिहितो. उघडू नका, पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर काढायला सांगा. परीक्षेच्या सुरुवातीला जो करार तुम्ही मान्य करता त्यात फुटलेले प्रश्न वापरणार नाही आणि परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही, हे दोन्ही येतं. उल्लंघन ठरलं तर निकाल रद्द होतो, आधीची प्रमाणपत्रं काढून घेतली जाऊ शकतात आणि पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. तुमच्या बाबतीत तर प्रमाणपत्र करारासाठी हवं आहे, ते मागाहून रद्द झालं तर प्रश्न एकट्या तुमचा राहत नाही, कंपनी अडचणीत येते. मॅनेजरना हे लेखी कळवा, सभ्य भाषेत: ‘ही फाइल परीक्षेच्या नियमांत बसत नाही, कृपया काढावी, सरावासाठी अधिकृत चाचण्या घेऊ या.’ शिवाय अशा फायलींत उत्तरं सर्रास चुकीची असतात. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाला ती पाठ करून स्वतःचं ज्ञान बिघडवण्याची काहीही गरज नाही.

सराव चाचणी चांगली की वाईट हे ओळखायचं कसं? प्रत्येक पर्याय का चूक आहे याचं स्पष्टीकरण ती देते का ते बघा. नुसतं ‘उत्तर ब’ देत असेल तर सोडा. तीच चाचणी तिसऱ्यांदा देऊन ९० टक्के आले तर तो आकडा धरू नका, पाठांतर असतं ते. पूर्वी न पाहिलेल्या दोन पूर्ण चाचण्यांत, घड्याळ लावून, सलग ८० ते ८५ टक्के आले की तारीख पक्की करा.

व्हाउचरचं, म्हणजे परीक्षेची फी आधी भरून मिळणाऱ्या कोडचं, नीट बघा. ते ज्या देशांच्या गटासाठी विकलेलं असतं तिथेच चालतं, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाकडून स्वस्तात मागवलेलं पुण्यात चालेलच असं नाही. त्यावरची शेवटची तारीख ही परीक्षा देण्याची असते, बुकिंगची नव्हे. तारीख बदलायची असेल तर परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, आणि यासाठीची तजवीज आत्ताच करावी लागते. सिक्युरिटी प्लस टिकवायला तीन वर्षांत ५० सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) आणि वर्षाला ५० डॉलर लागतात, किंवा सायसा प्लससारखी वरची परीक्षा. पहिली फी कंपनी भरते, नूतनीकरणाचं कुणी बोलत नाही. अट कराराची आहे, तेव्हा तीन वर्षांचे १५० डॉलर आणि नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाची फी कोण भरणार हे मेलवर घेऊन ठेवा. ट्रेनिंग, वेबिनार, कामाचा अनुभव यांचे सीईयू मिळतात, पण पुरावा जोडावा लागतो, म्हणून पास झाल्याच्या दिवसापासून हजेरीची सर्टिफिकेटं एका फोल्डरमध्ये टाकत जा. नेटवर्क प्लसही द्यायचं मनात असेल तर ते सिक्युरिटी प्लसच्या आधी द्या. सिक्युरिटी प्लस पास झालं की चालू असलेलं नेटवर्क प्लस आपोआप पुढे सरकतं, उलट होत नाही.

---

केबलट्रे
मॅनेजरना मेल केला, फाइल ग्रुपवरून काढली. फीबद्दलही त्याच मेलमध्ये विचारलं आहे. तारीख नवव्या आठवड्याच्या शनिवारची बघतोय, सकाळची घ्यावी की दुपारची?

---

दुसरीशिफ्ट
तुमचा अभ्यास रोज ज्या वेळेला होतो तीच घ्या. सकाळची घेतलीत तर सेंटरवर अर्धा तास आधी पोचा, मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही. फोन, पाकीट, घड्याळ लॉकरमध्ये जातं. निकाल संपल्या संपल्या स्क्रीनवर येतो आणि गुणपत्रक मिळतं. त्यावर कोणत्या उद्दिष्टांतले प्रश्न चुकले तेही लिहिलेलं असतं. ते जपून ठेवा, दुसऱ्यांदा बसायची वेळ आलीच तर अभ्यास त्या ओळींपासून सुरू करता येतो.